लेकीचे पळणे बंद करू नका, आधी रक्त तपासा



गेल्या महिन्यात केदारखेड्याच्या वस्तीत आरोग्य तपासणीला गेले होते. एक आई चौदा वर्षांच्या लेकीला घेऊन आली. म्हणाली, "सिस्टर, हिचं पळणं बंद करायचं म्हणतो आम्ही. पळून आली की धापा टाकती, चक्कर येती म्हणती. अन् सर म्हणतात, हिला पेंटॅथलॉनला घाला. ते काय असतं तेच कळंना."

मुलगी खाली मान घालून उभी होती. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर पांढरीफटक. हिमोग्लोबिन भरले ८.९. या वयाच्या मुलीला ते किमान १२ हवे. दोष पळण्याचा नव्हता, रक्त कमी असण्याचा होता. त्या माउलीला जे सांगितले तेच इथे सगळ्यांसाठी लिहिते.

हा खेळ आहे तरी काय?

मॉडर्न पेंटॅथलॉन म्हणजे एकाच खेळाडूने पाच प्रकार खेळायचे. १९१२ पासून तो ऑलिंपिकमध्ये आहे, महिलांसाठी २००० पासून. त्यात तलवारबाजी, २०० मीटर पोहणे, अडथळ्यांची शर्यत, धावणे आणि लेझर पिस्तुलाने नेम धरणे असते. धावणे व नेम एकत्रच होतात. ६०० मीटर पळायचे, धाप लागलेली असतानाच थांबून १० मीटरवरच्या लक्ष्यावर पाच वेळा नेम साधायचा, की पुन्हा पळायचे. अशा पाच फेऱ्या, म्हणजे एकूण ३००० मीटर. लेझर पिस्तुलात गोळी नसते, उजेडाची तिरीप असते. त्यामुळे घाबरायचे कारण नाही.

पूर्वी अडथळ्यांच्या जागी घोडेस्वारी होती. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला एक घोडा बिथरला आणि त्याला मारल्याचे साऱ्या जगाने पाहिले. त्यानंतर घोडा काढायचे ठरले. २०२४ चे पॅरिस ऑलिंपिक घोड्याचे शेवटचे. आता उड्या मारणे, लटकणे, चढणे आले. आपल्या घरात घोडा कुठून येणार होता? पण चढायला, लटकायला आपल्या लेकरांना शिकवावे लागत नाही.

महाराष्ट्रातली मुले या खेळात आहेत. ठाण्याचा मयंक चाफेकर २०२३ मध्ये चीनच्या हांगझोऊ शहरातील आशियाई स्पर्धेत भारताकडून खेळला. त्याच वर्षी गोव्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही हा खेळ होता.

सुरुवात कुठून करायची?

पाचही गोष्टी एकदम शिकायच्या नसतात. नव्या मुलांसाठी सोप्या स्पर्धा असतात. बायथलमध्ये पळणे आणि पोहणे, ट्रायथलमध्ये त्यात नेमबाजीची भर, आणि लेझर रनमध्ये फक्त पळणे व नेम. म्हणजे पाया दोनच गोष्टींचा, पळणे आणि पोहणे. तलवारबाजी नंतर येते. तिच्यासाठी छत्रपती संभाजीनगरला भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. स्पर्धा कधी, निवड चाचणी कधी, क्रीडा प्रबोधिनीत राहण्या-जेवणाची सोय मिळेल का, हे जालन्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. जाताना शाळेच्या क्रीडा शिक्षकांना सोबत न्या आणि मुलीचा जन्मदाखला व आधार कार्ड जवळ ठेवा.

पोहणे विहिरीत शिकवायचे असेल तर

आपल्याकडे पाठीला डबा बांधून विहिरीतच शिकतात. चालेल, पण चांगला पोहणारा मोठा माणूस सोबत पाण्यात हवा आणि काठावर दोर हवा. एकट्याने कधीही नाही. खोली माहीत नसलेल्या पाण्यात सूर मारायचा नाही, मानेचे हाड मोडते. पूर्णेला पाणी वाढले असेल तर नदीत उतरायचेच नाही. कान वाहत असेल किंवा फिट येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. कोणी बुडू लागले तर आपण उडी न मारता दोर, काठी किंवा साडी टाका आणि १०८ ला फोन करा.

आता रक्ताचे

आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे. रक्त कमी म्हणजे अंगाला पोहोचणारा ऑक्सिजन कमी, मग पळताना धाप लागणारच. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून असते. एकदा कमी झाल्यावर तेवढी पुरत नाही. मग प्राथमिक आरोग्य केंद्रातून रोजच्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्याही काही महिने. गोळीने शौच काळे होते, त्याला घाबरू नका. गोळी चहाबरोबर घेऊ नका. जंताची गोळी वर्षातून दोनदा घ्या. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा.

ताटात बाजरीची भाकरी, हरभरे, मटकीची उसळ, शेंगदाणे, पालेभाजी असू द्या. वर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागते. अंडी, सुकट, कलेजी जमेल तेव्हा द्या. आणि ताट वाढताना मुलाला दोन अंडी अन् मुलीला रस्सा, असे करू नका. पळणाऱ्या मुलीला भूक जास्त लागते, ती खादाड नसते.

पाळीत पळू नये, पोहू नये, असे काही नाही. दुखत नसेल तर खुशाल खेळावे. पण नियमित येणारी पाळी सलग तीन महिने चुकली तर समजा, मेहनतीच्या मानाने पोटात अन्न कमी जात आहे. तेव्हा तपासून घ्या.

त्या मुलीच्या रोजच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. रक्त भरेपर्यंत जोराचा सराव बंद, चालणे आणि हलका खेळ चालू. आई विचारत होती, "मंग पळू द्यायचं ना हिला?" मी म्हणाले, "रक्त भरू द्या ताई, मग पळू द्याच." तेव्हा कुठे पोरीने मान वर केली.