एका डॉलरची सीट, आठशे चाळीस घोडे!

सिग्नल लाल. डावीकडे पिवळी कॉर्व्हेट, जमिनीला चिकटलेली. उजवीकडे नारिंगी डॉज चॅलेंजर, खांदे फुगवून उभी. दोघांच्या काचा खाली आल्यात. दोघंही मालक शेजारच्या बॉनेटकडे टक लावून बघतायत, आणि दोघांच्या मनात एकच सवाल: कुणाची भारी?

हा सीन आहे अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा, वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरचा. साठच्या दशकात पोरं इथे रात्री गाड्या पळवायची. १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये इथे ‘ड्रीम क्रूझ’ नावाची जत्राच भरते.

आणि माहीत आहे का? मैलभर काँक्रीटचा पहिला हायवे १९०९ मध्ये याच वुडवर्डवर ओतला गेला. म्हणजे शर्यतीआधी रस्त्यानेच पहिला नंबर मारला होता!

चला, आधी दोन्ही पार्ट्यांची ओळख.

स्पोर्ट्स कार, जशी कॉर्व्हेट, म्हणजे खो-खोचा कसलेला खेळाडू. अंगाने हलकी, ठेंगणी, वळणावर अशी हुलकावणी देते की बघणारा बघतच राहतो. मसल कार, जशी चॅलेंजर, म्हणजे तालमीतला पैलवान. मधल्या आकाराच्या साध्या गाडीत भलंमोठं व्ही-८ इंजिन कोंबायचं, आणि सरळ रस्त्यावर सोडून द्यायचं. बस्स!

सत्तरच्या दशकात धुराचे कडक नियम आले, विम्याचे हप्ते वाढले, १९७३ चं तेलसंकट आलं आणि पैलवानाचा खुराकच तुटला. २००० नंतर मात्र एकेक पैलवान नव्या लंगोटात परत आखाड्यात! पोंटिअॅक जीटीओ २००४ मध्ये, चॅलेंजर २००८ मध्ये, कमॅरो २००९ मध्ये. आणि स्पोर्ट्स कारवाल्यांची तुलनेची खाज पुन्हा सुरू.

पुन्हा, कारण ही तुलना मसल कारच्या बारशालाच लागलेली आहे. माहीत आहे का, पहिली मानल्या जाणाऱ्या मसल कारचं नावच एका स्पोर्ट्स कारवरून उचललेलं होतं?

१९६४. पोंटिअॅकमध्ये जॉन डीलोरिअन आणि मंडळींनी टेंपेस्ट नावाच्या सज्जन गाडीत ३८९ घन इंचांचं इंजिन बसवलं. पण मालक कंपनी जनरल मोटर्सचा नियम आडवा आला: एवढ्या गाडीला एवढं मोठं इंजिन द्यायचं नाही. मग? नवी गाडी म्हणून दिलंच नाही. ‘ऑप्शन पॅकेज’ म्हणून दिलं! नियम जागच्या जागी, इंजिन बॉनेटखाली. आणि नाव ठेवलं जीटीओ, थेट फेरारीच्या २५० जीटीओवरून. फेरारीप्रेमी भडकले नसते तरच नवल.

आता एक हिशेब खास आपल्या वाचकांसाठी. ३८९ घन इंच म्हणजे सुमारे ६,३७५ सीसी. आपल्या लाडक्या मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसी. गुणा आठाने. आलं ना ६,३६८? म्हणजे जीटीओच्या आठ सिलिंडरपैकी एकेका सिलिंडरमध्ये आख्खी मारुती ८०० बसली होती!

कंपनीतल्या साहेबांना वाटलं होतं, पाचेक हजार खपतील. पहिल्याच वर्षी खपल्या ३२,४५०. फेरारीच्या जीटीओ जगात बनल्या किती? ३६. त्यातली एक २०१८ मध्ये लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. नाव एक, नशीब दोन.

पण खरी धमाल पुढे आहे. मार्च १९६४ मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने मुखपृष्ठावर लढत लावली: फेरारी जीटीओ विरुद्ध पोंटिअॅक जीटीओ. काय चित्र होतं! हो, चित्रच. कारण टेस्टच्या दिवशी फेरारी मिळालीच नाही. आणि पोंटिअॅकने ताशी ० ते ६० मैल अवघ्या ४.६ सेकंदांत गाठलं, ते कसं? अनेक वर्षांनी जिम वँगर्स या पोंटिअॅकच्या जाहिरातवाल्याने गुपित फोडलं: त्या गाडीत ३८९ नव्हे, त्याहून मोठं ४२१ चं इंजिन गुपचूप बसवलेलं होतं. एक पैलवान गैरहजर, दुसरा वजनगट बदलून आलेला, आणि कुस्ती मात्र जगभर गाजली!

चाहत्यांनी जीटीओचं लाडाचं नाव ठेवलं ‘गोट’. बकरी! गुरगुरणाऱ्या गाडीला बकरी म्हणायला प्रेमच लागतं.

हीच बकरी २००४ मध्ये परत आली, तेव्हा तिची दाढी-शिंगं कुठे गेली असं लोक विचारू लागले. दिसायला फारच साधी. पासपोर्ट बघितला तर ऑस्ट्रेलियाचा! ती मुळात होल्डन मोनॅरो. जनरल मोटर्सच्या बॉब लुट्झना ती इतकी आवडली की त्यांनी स्टिअरिंग उजवीकडचं डावीकडे करवून ती अमेरिकेत आणली. मात्र इंजिनिअर मंडळींनी एक गोष्ट जिव्हाळ्याने केली. १९६४ च्या जीटीओचा आवाज नमुना धरून नव्या गाडीचा सायलेन्सर सुरात लावला. चेहरा परका, पण गळा घरचा.

इथे कॉर्व्हेटवाल्यांना घाम फुटला. माहीत आहे का? २००५ च्या जीटीओत आणि २००५ च्या कॉर्व्हेटमध्ये इंजिन एकच होतं: सहा लिटरचं एलएस२, ४०० अश्वशक्तीचं. जीटीओ सुमारे ३३ हजार डॉलरला, कॉर्व्हेट ४४ हजारांच्या घरात. जीटीओवाला छाती ठोकून सांगायचा, “तुझंच हृदय आहे माझ्याकडे, आणि मागे दोन माणसं बसतात!” कॉर्व्हेटवाला शांतपणे म्हणायचा, “वजन बघ.” त्याचंही खरंच होतं. जीटीओ सुमारे अडीचशे किलोंनी जड. म्हणजे सिमेंटच्या पाच गोण्या टाकून पळायचं.

मला विचाराल तर या बकरीवर अन्याय झाला. जेमतेम तीन वर्षं चालली, २००६ मध्ये बंद. पुढे पोंटिअॅकलाच कुलूप लागलं. आज जाणकार तिला हुडकत फिरतात, आणि ते बरोबर करतात.

तीन अमेरिकन पैलवान, पण गावं बघा! जीटीओ ऑस्ट्रेलियाची. २०१० मॉडेलची कमॅरो कॅनडातल्या ओशावाची. चॅलेंजर कॅनडातल्याच ब्रॅम्प्टनची. चौथी मस्टँग तेवढी घरी, मिशिगनमध्ये.

कमॅरो म्हणजे काय हो? १९६६ मध्ये पत्रकारांनी शेव्हरोलेला हाच प्रश्न विचारला होता. उत्तर आलं: मस्टँग खाणारा एक छोटा, खुनशी प्राणी! मस्टँग म्हणजे रानघोडा, म्हणून हा टोमणा.

घोड्यांवरून आठवलं. मस्टँगच्या जाळीवर घोडा, फेरारीवर घोडा, पोर्शवरही घोडा. रस्ता आहे की पागा?

आणि घोडा नसलेली स्पोर्ट्स कार, माझदा मियाटा? तिचं तर तत्त्वज्ञानच स्वार आणि घोडा एकजीव होण्याचं. माझदावाले त्याला जपानीत ‘जिन्बा इत्ताई’ म्हणतात. आपल्या भाषेत मियाटा म्हणजे भीमथडीचं तट्टू! अंगाने लहान, पण चपळ, काटक. मियाटाचं वजन हजार किलोंच्या थोडं वर. चॅलेंजर हेलकॅटचं सुमारे दोन टन. एका पैलवानात जवळजवळ दोन तट्टं.

डिकीची तुलना मात्र मियाटावाले टाळतात. त्यांची १३० लिटर: दोन पिशव्या आणि वर चकलीचा डबा. चॅलेंजरची साडेचारशेच्याही वर, शिवाय पाच माणसांची सोय. आख्खं कुटुंब कुलदैवताला जाऊन येईल!

तरी मियाटाला कमी लेखू नका. २०१६ च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी मियाटा बनली. दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये खपाचा जागतिक विक्रम तिच्याच नावावर आहे.

मग वळणावर पैलवान मार का खातो? साधं आहे. जड इंजिन पुढे, त्यामुळे अर्ध्याहून जास्त वजन पुढच्या चाकांवर. वळायला सांगितलं की नाक आधी कुरकुरतं. शिवाय बहुतेक मस्टँगनी २०१४ पर्यंत मागे अखंड अ‍ॅक्सल ठेवला होता. एका चाकाला खड्डा लागला की दुसऱ्यालाही कळायचं. सख्ख्या जावांसारखं! २०१५ पासून दोन्ही चाकं स्वतंत्र झाली.

सरळ रस्त्यावर मात्र बोलायचं काम नाही. होंडा एस२००० हे छोटं रत्न घ्या. दोन लिटरमधून २४० अश्वशक्ती, पण त्यासाठी इंजिन मिनिटाला आठ-नऊ हजार फेऱ्यांपर्यंत पिळायचं. मसल कार खालच्याच फेऱ्यांत ढकलून देते. एक वरच्या पट्टीतली तान, दुसरा ढोलाचा पहिलाच टोल.

आता या विषयातला माझा सगळ्यात आवडता प्राणी. ड्रमरोल! २०१८ ची चॅलेंजर डीमन.

रेसच्या पेट्रोलवर ८४० अश्वशक्ती. फक्त ३,३०० गाड्या. वजन वाचवण्यासाठी शेजारची सीट काढलेली, मागची सीटही काढलेली. बायकोला कुठे बसवायचं? माहीत आहे का, कंपनी ती सीट परत द्यायची, पण एक डॉलर घेऊन! मागची सीट? आणखी एक डॉलर.

एसी चालू केला की गाडी दमते, हे आपण घाटात अनुभवतो. डीमनने हे उलटं फिरवलं: एसीचा गारवा माणसाऐवजी इंजिनात जाणाऱ्या हवेला दिला. थंड हवा दाट, दाट हवेत जास्त ऑक्सिजन, म्हणून जास्त ताकद. एसी आहे, पण पाहुणा इंजिन!

सुटताना वजन मागच्या चाकांवर झुकतं, पुढची चाकं चक्क हवेत उठतात. आणि गाडी तशीच पुढे जाते. किती? २.९२ फूट, गिनेस बुकात नोंद. पाव मैल ९.६५ सेकंदांत. इतकं वेगवान, की ड्रॅग रेसिंगवाल्या एनएचआरएने पत्र पाठवून बंदीच घातली. दहा सेकंदांच्या आत जायचं तर तेव्हा सुरक्षेचा पिंजरा हवा होता, आणि डीमनमध्ये तो नव्हता. कंपनीने ते पत्र मेडलसारखं मिरवलं.

हेलकॅटला किल्ल्या दोन. लालने पूर्ण ७०७ अश्वशक्ती, काळीने फक्त ५००. कार्ट्याने गाडी मागितली तर कुठली द्यायची ते कळलं ना? (‘फक्त’ ५०० बरं का!)

आणि घरातलं भांडण ऐका. डॉजचीच खरीखुरी स्पोर्ट्स कार व्हायपर, ८.४ लिटरच्या व्ही-१० ची, ६४५ घोड्यांची. तिच्यापेक्षा स्वस्त चॅलेंजर हेलकॅट ७०७ घेऊन शेजारी उभी राहिली. धाकटीने थोरलीला भर शोरूममध्ये गाठलं!

थांबा, कमॅरोवाले हात वर करतायत. हक्काने करतायत. २०१४ ची कमॅरो झेड/२८ बघा. जर्मनीचा न्युर्बुर्गरिंग ट्रॅक वीस किलोमीटरहून लांब, सत्तरहून जास्त वळणं. स्पोर्ट्स कारचं माहेरघरच म्हणा. तिथे झेड/२८ ने ७ मिनिटं ३७.४ सेकंदांची फेरी मारली, तीही ट्रॅक काही ठिकाणी ओला असताना. पोर्श ९११ करेरा एस आणि लँबोर्गिनी मुर्सिएलागो एलपी ६४० च्या जाहीर वेळा मागे पडल्या. पैलवान खो-खोच्या मैदानात उतरला आणि खांब गाठून आला. मला वाटतं, साठ वर्षांच्या या भांडणातला सगळ्यात देखणा क्षण हाच.

त्यासाठी काय काय सोडलं? एसी हवा असेल तर वेगळे पैसे. आवाज अडवणारे थर काढले. स्पीकर ठेवला एकच. गाण्यांसाठी म्हणता? छे! सीटबेल्ट लावा म्हणून ‘टिंग टिंग’ करण्याचा कायदा आहे, तेवढ्यासाठी!

आपल्या मुंबईचा या गाड्यांच्या घराण्यांशी संबंध आहे बरं. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती. आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी क्रायस्लरशी हात मिळवून काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज गाड्या बनू लागल्या. चॅलेंजर जन्मायच्या कितीतरी आधी तिचं आडनाव कुर्ल्याला लिहिलं गेलं होतं!

मस्टँग मात्र स्वतः आली, २०१६ मध्ये. पाच लिटरची व्ही-८, स्टिअरिंग उजवीकडे, दिल्लीतली तेव्हाची एक्स-शोरूम किंमत ६५ लाख.

आता ताजी खबर. चॅलेंजर आणि कमॅरो, दोन्ही २०२३ च्या अखेरीस बंद झाल्या. मागोमाग डॉजने आणली इलेक्ट्रिक चार्जर डेटोना. इंजिन नाही, मग गुरगुरणार कशी? मागच्या बाजूला आवाज घुमवणारी पोकळी आणि स्पीकर बसवून तब्बल १२६ डेसिबलचा दावा! कमॅरोने स्पीकर फेकले होते, चार्जरने स्पीकरचाच सायलेन्सर केला.

आणि तिचाच पेट्रोलवाला भाऊ? नाव ‘सिक्सपॅक’. १९६९ मध्ये डॉजने हे नाव वापरलं, तेव्हा अर्थ होता कार्ब्युरेटरची सहा तोंडं. आता अर्थ आहे सहा सिलिंडर, एका सरळ रांगेत, वर दोन टर्बो. सरळ रांगेतले सहा सिलिंडर म्हणजे बीएमडब्ल्यूवाल्यांचा जुना अभिमान!

वुडवर्डचा सिग्नल पुन्हा लाल झालाय. बीएमडब्ल्यूची काच खाली येतेय. “भाऊ, बॉनेट उघडता का जरा?”