जर्मनची सुरुवात जतमध्येच करावी

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि ‘जर्मन भाषा’ हा विषय पुण्या-मुंबईबाहेर तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला. जतसारख्या दुष्काळी तालुक्यात, जिथे पोरगं शिकलं की बाहेर पडणार हे घरच्यांनी धरलेलंच असतं, तिथे ही मोठी आशेची गोष्ट आहे. पण आशेबरोबर काही पक्के गैरसमजही आले. त्यातला सगळ्यात महागात पडणारा असा: आधी जर्मनीत जाऊन तीन-चार महिन्यांचा भाषेचा कोर्स करायचा, तिथल्या वातावरणात भाषा आपोआप येते, मग पुढचं तिथेच बघता येतं. परदेशातला भाषा अभ्यासक्रम वाईट नाही. काही टप्प्यावर त्याच्याइतका उपयोगी दुसरा मार्गही नाही. पण तो पहिला टप्पा नव्हे, आणि त्याला पहिला टप्पा समजून केलेली सगळी आखणी पैशालाही बुडवते आणि भाषेलाही.

‘वातावरणात भाषा येते’ या समजुतीची परीक्षा घ्यायला जतइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही. तालुक्याच्या पूर्वेकडे उमदी, संख, गुड्डापूर भागात घरात कन्नड आणि कचेरीत मराठी हा रोजचा व्यवहार आहे. बाजारात गिऱ्हाईक ‘एष्ट री?’ विचारतं, विकणारा भाव मराठीत सांगतो आणि सौदा होतो. यावर कोणी म्हणेल, हाच तर पुरावा! कोणत्याही क्लासशिवाय ही माणसं दोन भाषा बोलतात. खरं आहे. पण ती भाषा त्यांना तीन महिन्यांत आलेली नाही. लहानपणापासून वर्षानुवर्षे, गरजेपोटी, रोज चुकत-माकत आली आहे. शिवाय बाजारात उत्तम मराठी बोलणारा माणूस तहसील कचेरीत अर्ज लिहिताना दुसऱ्याच्या हाती कागद देतो, कारण लिहिण्यावाचण्याची भाषा शाळेत बसूनच येते. जर्मनीत तर शेजारच्या खोलीत आपलीच मराठी-हिंदी बोलणारी मुलं भेटतात. ज्याला तिथल्या माणसाशी दोन वाक्यं बोलता येत नाहीत, तो संध्याकाळ त्यांच्यातच काढतो आणि ते ‘वातावरण’ खिडकीबाहेरच राहतं.

आता हिशेब पाहू. युरोपात भाषेच्या पायऱ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा मानतात. जर्मन भाषा शिकवणाऱ्या गोएथे संस्थेच्या अंदाजाने शून्यापासून बी-१ पर्यंत पोचायला ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० तास लागतात, बी-२ साठी ६०० ते ८००. आठवड्याला २५ तासांचा कसून शिकवणारा वर्ग धरला, तरी १२ आठवड्यांत ३०० तास होतात. म्हणजे तीन महिने परदेशी राहून, भरपूर खर्च करून विद्यार्थी फार तर ए-२ च्या आसपास येतो. जर्मनीत पगारासह व्यवसाय शिकण्याच्या, म्हणजे ‘आउसबिल्डुंग’च्या जागेसाठी बहुधा बी-१ मागतात. परिचारिकेला पूर्ण मान्यता हवी तर साधारणपणे बी-२ लागते. भाषा आधी, प्रवास मग, हा क्रम जुनाच आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघाल्या, पण त्याआधीच बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी आपल्या जाण्याची कारणं सांगणारं जाहीर भाषण इंग्रजीत केलं होतं. बोटीत पाऊल ठेवलं तेव्हा भाषा बरोबर होती, म्हणूनच तिथे पोचल्यावर त्या वैद्यक शिकू शकल्या.

दुसरा गैरसमज खेड्यातल्या मुलांचा उगाच धीर खचवतो: इंग्रजी चांगलं नसेल तर जर्मन जमणार नाही. जर्मन आणि इंग्रजी एकाच कुळातल्या भाषा आहेत, त्यामुळे इंग्रजी येत असेल तर शब्द ओळखायला मदत होते, हे मान्य. पण जर्मनमध्ये जे अवघड म्हणून सांगितलं जातं, त्यातलं बरंच मराठी मुलाच्या अंगवळणी पडलेलं असतं. खांब तो, भिंत ती, दार ते, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. जर्मनमध्येही निर्जीव वस्तूंना अशीच तीन लिंगं असतात. दार मात्र तिथे स्त्रीलिंगी आहे, म्हणजे प्रत्येक शब्दाचं लिंग पाठ करावंच लागतं, पण मुळात वस्तूला लिंग का असावं हा इंग्रजी माध्यमाच्या मुलाचा गोंधळ त्याला होत नाही. एकवीस म्हणताना आपण एक आधी आणि वीस नंतर म्हणतो. जर्मन माणूसही ‘आइन-उंड-त्स्वान्त्सिश’ म्हणजे एक-आणि-वीसच म्हणतो. त्यातला ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चाक’ आणि ‘चोर’ मधला च. जर्मन गौणवाक्यात क्रियापद शेवटी जातं, तेव्हाही मराठी-कन्नड कानाला काही खटकत नाही. जतच्या दुभाषी मुलाला तर एकाच गोष्टीला दोन व्याकरणांत बसवण्याची सवय आधीच असते. ही शिदोरी मोठी आहे, आणि तिला कमी लेखणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

व्हिसाबद्दल थोडक्यात. ९० दिवसांपर्यंतच्या कोर्सला शेंगेन व्हिसा चालतो, त्याहून मोठ्या कोर्ससाठी जर्मनीचा भाषा-अभ्यासाचा स्वतंत्र व्हिसा लागतो. त्यासाठी वर्ग आठवड्याला किमान १८ तासांचा हवा. संध्याकाळचा हलकाफुलका वर्ग चालत नाही. मुदत जास्तीत जास्त वर्षभराची. २०२५ च्या नियमांनुसार राहण्याखाण्यासाठी महिन्याला १,०९१ युरो, म्हणजे लाखभर रुपये, आधीच ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये दाखवावे लागतात. कोर्सची फी वेगळी. ‘तिथे काम करून खर्च काढू’ असं म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. मार्च २०२४ पासून या व्हिसावर आठवड्याला २० तास कामाची मुभा आहे, पण ते पैसे निघण्याआधी दाखवायच्या रकमेच्या जागी चालत नाहीत. आणि ज्याला ए-१ सुद्धा येत नाही, त्याला काम कोण देणार? पुढे नोकरी किंवा आउसबिल्डुंग मिळाली तरी त्या परवान्याच्या अटी नव्याने पूर्ण कराव्या लागतात.

कोर्सच्या शेवटी मिळणारा हजेरीचा दाखला आणि परीक्षेचं प्रमाणपत्र यांची गल्लत तर सर्रास होते. कामाला येतं ते गोएथे, टेल्क अशा मान्य परीक्षेचं प्रमाणपत्र. गोएथेच्या बी-१ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग असतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात. एक भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. ही परीक्षा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात होते.

राहिला खरा आक्षेप: जतमध्ये जर्मन शिकवतं कोण? क्लास नसणं ही अडचण आहेच, ती झाकून चालणार नाही. पण डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा ए-१ ते बी-१ पर्यंतचा अभ्यासक्रम मोबाइलवर फुकट आहे, आणि उच्चार व लेखन तपासायला आठवड्यातून एक-दोनदा ऑनलाइन शिक्षक गाठता येतो. ए-२ ला २०० ते ३५० तास लागतात. रोज दोन तास, आठवड्याला सहा दिवस धरले तर साधारण १७ ते २९ आठवडे. दिवाळी संपता संपता सुरुवात केलेली मुलगी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पुण्याला परीक्षेला बसू शकते. परदेशातला कोर्स ठरवायचा तो तिच्या निकालानंतर, बी-१ पासून पुढचा.