भातुकलीतली कापडी करंजी

भातुकली आपल्याला नवी नाही. बोळक्यातला चुरमुऱ्यांचा भात, पाल्याची भाजी, सगळं आपण खेळलोय. आज त्याच भातुकलीसाठी कापडाचा खाऊ शिवू या. घरच्या लेकरासाठी शिवा, अंगणवाडीला द्या, नाहीतर गटातर्फे विका. पण एक गोष्ट आधीच मनात धरू. खाऊसारखं दिसतं ते मूल तोंडात घालणारच. म्हणून देखणेपणाच्या आधी मजबुती.

या कामाला फेल्टचं कापड सोपं पडतं. ते विणलेलं नसतं, तंतू दाबून केलेलं असतं. त्यामुळे कापलं तरी कडेचे दोरे सुटत नाहीत, कड दुमडावी लागत नाही. फेल्ट नसेल तर खऱ्या लोकरीचा जुना स्वेटर गरम पाण्यात साबण लावून चोळा. तो आटतो, घट्ट होतो, मग फेल्टसारखाच कापता येतो. नायलॉन-ॲक्रिलिकचा स्वेटर असा आटत नाही.

आता करंजी. बशी ठेवून बारा-तेरा सेंटिमीटरचा गोल कापा. मधोमध दुमडा. दुहेरी दोऱ्याने कडेला काजटाका घाला, टाके जवळजवळ. दोन बोटं जागा उघडी ठेवा, तिथून कापूस भरा, मग तोंड बंद करा. गाठ आतल्या बाजूला घ्या.

टोमॅटोसाठी लाल गोल घ्या. कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत सगळीकडून धावदोरा घाला. मध्ये कापूस ठेवून दोरा ओढला की पुरचुंडी होते. तोंडावर चार-पाच उलटसुलट टाके घालून आवळा. पिवळ्या कापडाचा असाच लाडू होतो. भाकरीला दोन गोल एकावर एक शिवायचे आणि वर तपकिरी दोऱ्याने डाग भरायचे.

तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी मणी, बटण, टिकली काहीही लावू नका. सुटलेला तुकडा घशात अडकू शकतो. टोमॅटोचा देठसुद्धा वेगळा न लावता हिरव्या दोऱ्याने भरा. आत धान्य, वाळू, थर्माकोल नको. धान्याला कीड लागते, आणि शिवण उसवली तर दाणे नाका-तोंडात जातात. शिवायला बसताना सुया-टाचण्या मोजा, उठताना पुन्हा मोजा. एखादी कमी भरली तर ती सापडेपर्यंत एकही नग बाहेर जाऊ देऊ नका. शेवटी प्रत्येक शिवण दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहा.

विकायचं असेल तर कायदाही माहीत हवा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडे नोंद असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना मात्र सूट आहे. या नोंदणीचं 'पहचान' ओळखपत्र मिळतं. माल बाजारात नेण्याआधी गटाने त्याची चौकशी करावी.

खेळणं मळलं की गार पाण्यात साबणाने हलकं धुवा, पिळू नका, आतला कापूस वाळेपर्यंत उन्हात ठेवा. आणि वाढायला मुलगा-मुलगी दोघांनाही बसवा. "आजीला दोन करंज्या, बाबांना एक" म्हणता म्हणता मोजणं येतं, वाटून खाणंही येतं.

येत्या बैठकीला प्रत्येकीने एक करंजी शिवून आणू या, आणि एकमेकींची ओढून पाहू या.