राजा रविवर्मा यांचा पत्रव्यवहार

आपल्या शाळेच्या प्रदर्शनांत एकदां ‘आमच्या घरांतील जुनी वस्तु’ असा एक विभाग ठेविला होता. मुलांनीं अडकित्ते, पानाचे डबे, पितळी समया, धान्य मोजण्याचीं मापें अशा अनेक वस्तु हौसेनें आणिल्या. एका मुलानें भिंतीवरची तसबीर काढून आणिली होती. काळ्या लाकडी चौकटींत वीणा घेऊन बसलेली सरस्वती. रंग थोडे उडालेले, खालच्या कोपऱ्यास वाळवी लागलेली. “हें चित्र कोणीं काढिलें?” असें मीं विचारतांच तो म्हणाला, “सर, तें छापील आहे. कोणीं काढिलेलें नाहीं.” सगळा वर्ग हंसला. परंतु त्याचें उत्तर अगदींच टाकाऊ नव्हतें. हातानें काढिलेलें चित्र छापील होऊन वऱ्हाडांतील खेड्यापर्यंत कसें आलें, हा प्रश्न खरोखर विचार करण्याजोगा आहे. आणि त्याच्या उत्तराचा एक धागा एका पत्रापर्यंत जाऊन पोंचतो. त्या पत्राची व तशा इतर पत्रांची हकीकत येथें थोडक्यांत सांगावयाची आहे.

रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजीं त्रावणकोर संस्थानांतील किळिमानूर येथें झाला. चित्रकलेची आवड घराण्यांतच होती. तैलरंगाची विद्या मात्र त्यांस सहजासहजीं मिळाली नाहीं. १८६८ सालीं थिओडोर जेन्सन नांवाचा एक युरोपियन चित्रकार त्रावणकोरच्या दरबारीं आला. तो शिकविण्यास राजी नव्हता. मात्र काम करीत असतां जवळ उभें राहून पाहण्याची मोकळीक त्यानें दिली. तेवढ्या आधारावर या तरुणानें पुढचा सारा अभ्यास स्वतःच केला. १८७३ सालीं मद्रासच्या प्रदर्शनांत त्यांस सुवर्णपदक मिळालें आणि त्यांचें नांव त्रावणकोरच्या बाहेर गेलें. मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनीं त्यांच्याकडून आपलें चित्र काढवून घेतलें, आणि मग राजेरजवाडे, दिवाण व इतर श्रीमंत लोक यांचीं बोलावणीं येऊं लागलीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. डोंगराचें किंवा नदीचें चित्र काढणारा चित्रकार आपल्या मर्जीनें बाहेर पडतो व आपल्या मर्जीनें परततो. व्यक्तिचित्र काढणाऱ्याचें तसें नाहीं. ज्याचें चित्र काढावयाचें तो मनुष्य समोर बसला पाहिजे, त्याला सवड पाहिजे, त्याच्या मनाप्रमाणें पोशाख व अलंकार पाहिजेत, आणि शेवटीं मोबदल्याचा करारहि पाहिजे. हें सर्व ठरावयाचें पत्रांनीं. चित्र पुरें उभें की अर्धें, त्याची लांबीरुंदी किती, दरबारी पोशाख की घरगुती, पदकें दाखवावयाचीं कीं नाहींत, कोणत्या समारंभापूर्वीं तें पोंचलें पाहिजे, प्रवासखर्च कोणाचा, अशा बारीकसारीक बाबी आधीं कागदावर यावयाच्या, मग रंग कॅनव्हासवर चढावयाचा. ज्याचें चित्र पाहिजे तो मनुष्य निवर्तलेला असल्यास त्याचा फोटो पाठवावा लागे. अशा फोटोवरून काम करण्याची पद्धत रविवर्मा यांच्या काळीं रूढ झाली होती व त्यांनींहि तिचा उपयोग केला. फोटोंत रंग नसे; तेव्हां अंगकांति कशी होती, शालूचा रंग कोणता होता, हें घरच्या माणसांनीं सांगितल्याखेरीज चित्रकारास कसें कळावें? याप्रमाणें कित्येक व्यक्तिचित्रांच्या मागें एकेक पत्रांचा पुडका उभा असतो.

हा पत्रव्यवहार सांभाळावयास चित्रकाराचा हात मोकळा असत नाहीं. रविवर्मा यांचें भाग्य असें कीं, त्यांस धाकटे बंधु सी. राजराजवर्मा यांच्यासारखा सहकारी लाभला. हे स्वतः चांगले चित्रकार होते. देखावे काढण्यांत त्यांचा हात विशेष चाले, व थोरल्या भावाच्या कित्येक चित्रांची मागची बाजू तेच रंगवीत. शिवाय त्यांस इंग्रजी उत्तम येत असल्यामुळें पत्रें, हिशेब व भेटीगांठी यांचा भार त्यांनींच उचलिला. त्यांनीं इंग्रजींत रोजनिशीहि ठेविली. तींत दोघां भावांचे आगगाडीचे प्रवास, मुंबईंतील प्लेगचे दिवस, चित्रें काढवून घेणारी मंडळी, कामाची प्रगति व पैशाची चिंता हें सारें नोंदलेलें आहे. राजराजवर्मा १९०५ सालीं वारले. त्यांची रोजनिशी शंभर वर्षांनीं, २००५ सालीं, छापून प्रसिद्ध झाली. थोरल्या भावाची कीर्ति पदकांनीं वाढविली असेल, पण त्याच्या कामाचा विश्वसनीय वृत्तांत धाकट्या भावाच्या या वह्यांमुळें आपल्या हातीं आला.

आतां मुख्य पत्राकडे वळूं. सर टी. माधवराव हे कुंभकोणमचे; तंजावरकडे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांत १८२८ सालीं जन्मलेले. त्रावणकोर, इंदूर व बडोदें अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनीं केली. १८८१ सालीं सयाजीराव गायकवाड यांस राज्याधिकार मिळावयाचे होते, त्या समारंभाच्या निमित्तानें रविवर्मा बडोद्यास आले, तेव्हां तेथील दिवाण माधवरावच होते. दोघांची ओळख जुनी होती. पुढें १८८४ च्या सुमारास माधवरावांनीं रविवर्मा यांस एक पत्र लिहिलें. त्याचा आशय असा कीं, तुमचीं चित्रें आपल्या घरीं असावींत अशी माझ्या पुष्कळ स्नेह्यांची इच्छा आहे. परंतु तुम्हांस हात दोनच, एवढी मागणी पुरी व्हावी कशी? तेव्हां निवडक चित्रें युरोपांत पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढवाव्या. त्यानें तुमची कीर्ति तर वाढेलच, पण देशाचीहि मोठी सेवा होईल.

मागणी करणारीं पत्रें पुष्कळ जण लिहितात. या पत्रांत मागणी नव्हती, तर मागणीच्या अडचणीवर तोड होती. म्हणूनच त्याची योग्यता निराळी. तरी बी पेरल्याबरोबर पीक येत नाहीं. मध्यंतरीं १८८८ सालीं निलगिरीच्या उटकमंड येथें सयाजीराव महाराजांनीं पौराणिक प्रसंगांचीं चौदा चित्रें काढण्याचें काम रविवर्मा यांस सांगितलें. नलदमयंती, शंतनु, हरिश्चंद्र यांस पोशाख कोणता द्यावा, हा प्रश्न सोडविण्यासाठीं दोघे बंधु उत्तर हिंदुस्थानांत हिंडून आले. शेवटीं त्यांनीं आपल्या नायिकांस साडी नेसविली, व पुष्कळ चित्रांत तर आपल्या मराठी स्त्रियांच्या धर्तीवर. तीं चित्रें बडोद्याच्या राजवाड्यांत लागण्यापूर्वीं लोकांस दाखविण्यांत आलीं, आणि तीं पाहावयास लोटलेल्या गर्दीवरून माधवरावांचें म्हणणें किती खरें होतें हें कळून आलें.

अखेर १८९४ सालीं मुंबईस छापखाना निघाला. माल युरोपांतून छापून आणण्याऐवजीं यंत्रें व कारागीरच जर्मनीहून आणविले. ‘शकुंतलेचा जन्म’ हें तेथील पहिलें चित्र होय. १८९९ सालीं छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला. या छपाईंत प्रत्येक रंगासाठीं निराळा दगड लागे. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनें त्या त्या रंगाचा भाग उतरावयाचा. दगड ओला केला म्हणजे रेखाटलेल्या जागींच शाई धरते व बाकीच्या जागेस लागत नाहीं. असे अनेक दगड एकामागून एक, केसाचाहि फरक न पडतां, त्याच कागदावर उमटले म्हणजे चित्र पुरें होई. शेवटीं तैलचित्रासारखी चमक यावी म्हणून वर रोगण देत. आमच्या प्रदर्शनांतील सरस्वतीच्या तसबिरीवर बोट फिरविलें असतां जो तकतकीतपणा लागतो, तो या रोगणाचा.

छापील प्रतींमुळें पत्रें कमी झालीं असतील काय? उलट तीं वाढलींच असावींत. रविवर्मा यांच्या नांवें चित्रांची मागणी करणारें टपाल सर्व देशांतून इतकें येऊं लागलें कीं, त्यासाठीं किळिमानूर या लहानशा गांवीं टपाल कचेरी उघडावी लागली, असें सांगतात. सामान्य लोकांना आतां चित्रकार ठाऊक झाला होता, आणि ठाऊक झालेल्या माणसास पत्र लिहावेंसें वाटतें, हा मनुष्यस्वभाव आहे.

त्याच काळीं लंडन येथें जॉन सिंगर सार्जंट हा अमेरिकन आईबापांचा मुलगा व्यक्तिचित्रें काढण्यांत अग्रगण्य झाला होता. उमराव, धनिक व त्यांच्या स्त्रिया यांच्या मागण्यांनीं तो इतका कंटाळला कीं, १९०७ सालीं त्यानें अशीं तैलचित्रें काढण्याचें काम जवळ जवळ बंदच केलें. जे फारच आग्रह धरीत त्यांस तो कोळशाच्या कांडीनें झटपट मुखचित्र काढून देई, आणि उरलेला वेळ आपल्या आवडीचे देखावे रंगविण्यांत घालवी. दोघांपुढें अडचण एकच होती: मागणारे फार आणि हात दोन. एकानें दार लोटून घेतलें, दुसऱ्यानें भिंतच पाडिली. कोणाचें बरोबर, हें मी सांगणार नाहीं. सार्जंटनें स्वतःची कला व मनःशांति राखिली. रविवर्मा यांनीं गरिबाच्या भिंतीवर चित्र नेलें. पण त्यांचा छापखाना कर्जांत आला व विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांस तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. त्यांच्या चित्रांच्या भडक नकला बाजारांत आल्या, आणि नकला पाहूनच मूळ चित्रकाराचें मोल ठरविणारे टीकाकारहि निघाले. रविवर्मा २ ऑक्टोबर १९०६ रोजीं किळिमानूर येथें निवर्तले. मळवलीचा छापखाना पुढें कित्येक वर्षें चालला. १९७२ सालीं तो आगींत भस्मसात् झाला.

आतां आपल्या वऱ्हाडाकडे येऊं. अमरावतीचे प्रसिद्ध वकील व पुढारी गणेश श्रीकृष्ण खापर्डे (१८५४–१९३८) यांनीं वर्षानुवर्षें लिहिलेल्या रोजनिशा आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत जतन केलेल्या आहेत, व इतिहासाचे अभ्यासक त्यांचा उपयोग करितात. पण हें भाग्य सर्वच कागदांस कोठून? माझीच गोष्ट सांगतों. आम्ही ख्रिस्ती असल्यामुळें आमच्या घरीं लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी नव्हत्या. त्या मी शेजारच्या घरीं पाहत असें. आमच्या बैठकींत मात्र आजीचें एक तैलचित्र होतें. पांढरें लुगडें, हातांत मिटलेलें पुस्तक, आणि डोळ्यांत थोडी भीति, थोडें कौतुक. वडील वारल्यावर अकोल्याचें घर रिकामें करितांना तारेला ओंवलेलीं पत्रांचीं दोन मोठीं जुडगीं निघालीं. कागद पिवळे पडले होते, अक्षर मोडी होतें, आणि मला घाई होती. मीं तीं रद्दीवाल्यास दिलीं. आज माझी मुलगी विचारते, “बाबा, आजीचें चित्र कोणीं काढिलें? तिच्यासमोर बसून कीं फोटोवरून? तिला तें आवडलें होतें का?” त्या तारेवर कदाचित् याचें उत्तर होतें, कदाचित् नव्हतें. आतां तें कधींच कळणार नाहीं. त्या रद्दीचे मला जेमतेम एक भाजी येईल इतके पैसे मिळाले होते.

तेव्हां विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुटींत एक काम करा. घरांतील जुन्या तसबिरी व फोटो खालीं उतरवा, आजोबा-आजीस जवळ बसवा, आणि ‘हे कोण, कोणत्या गांवचे, केव्हांचे’ हें विचारून प्रत्येकाच्या मागें पेन्सिलीनें लिहून ठेवा. जुनीं पत्रें असतील तर तारेवरून हलकेच सोडवून कोरड्या जागीं ठेवा. अक्षर मोडी असेल तर जाणत्याकडून वाचवून घ्या. पालकांसहि माझी विनंति आहे कीं, हें काम मुलांचा खेळ समजूं नये. आज हातांतल्या फोनवरून निरोप क्षणांत जातो व क्षणांत पुसलाहि जातो. त्यामुळें शाईनें लिहिलेला कागद उलट अधिक मोलाचा झाला आहे. माधवरावांचें एक पत्र टिकलें, म्हणून भिंतीवरच्या सरस्वतीची जन्मकथा आपण सांगूं शकतों. आमच्या आजीची मला सांगतां येत नाहीं. तुमच्या आजीची तरी सांगतां यावी, एवढ्याचसाठीं हा लेख लिहिला.