तीर्थाच्या काठी ऐकायच्या गोष्टी
कामरगावहून लोणार, वाशीम, कारंजा : एका दिवसाची श्राव्य सहल

इंग्लंडमधलं बाथ हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं शहर. त्याच्या जन्माची एक कथा तिथे सांगतात. ब्लाडूड नावाच्या राजपुत्राला कुष्ठरोग झाला म्हणून त्याला घराबाहेर काढलं. तो डुकरं राखू लागला. डुकरांच्या अंगावरचे चट्टे ऊन चिखलात लोळून गेलेले त्याने पाहिले, तोही त्या चिखलात उतरला आणि बरा झाला. पुढे राजा झाल्यावर त्याने त्या जागी स्नानाचं नगर वसवलं.

आता वाशीमची कथा ऐका. या मुलखात वासुकी नावाचा राजा होता. त्याला कुष्ठरोग झाला. गावाबाहेरच्या एका डबक्यात अंघोळ केल्यावर तो बरा झाला, म्हणून त्याने ते डबकं खोदून मोठं तळं केलं. तेच पद्मतीर्थ. कारंज्याचीही कथा याच वळणाची. करंज ऋषी मोठ्या रोगाने पिडले होते, त्यांनी अंबादेवीचा धावा केला, देवीने देवळासमोर त्यांच्यासाठी तळं निर्माण केलं आणि त्यात स्नान करून ऋषी शुद्ध झाले. गावाचं नाव त्यांच्यावरूनच पडलं, असं सांगतात. या दोन्ही कथा इंग्रजांच्या काळातल्या इम्पीरियल गॅझेटियरने नोंदून ठेवल्या आहेत.

कथा तीच, माणसाची आशाही तीच. पण बाथच्या रोमन स्नानगृहात शिरणाऱ्या पाहुण्याच्या कानाशी एक यंत्र येतं. त्यावर आकडा दाबला की समोरच्या दगडाची, देवतेची, पाण्याची हकीकत त्याला हव्या त्या भाषेत ऐकू येते. ती थांबवता येते, पुन्हा ऐकता येते. वाटाड्याच्या मागे धावायची गरज उरत नाही. वाशीम जिल्ह्यातल्या, कारंजा तालुक्यातल्या कामरगावच्या माणसाने अशी एक दिवसाची सहल आपल्याच मुलखात करावी आणि आपल्याच बोलीत ती ऐकावी, म्हणून हा लेख लिहितो आहे. साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. मजकूरही आहे, फक्त तो गॅझेटियरात, ताम्रपटांत आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी विखुरला आहे.

कानात सांगायची ही रीत फार जुनी नाही. 1952 मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने दालनांतल्या दालनांत रेडिओचं प्रक्षेपण सुरू केलं. सगळ्या पाहुण्यांना एकाच क्षणी एकच वाक्य ऐकू येई, त्यामुळे अख्खा घोळका एकदमच पुढच्या चित्राकडे सरके. पुढे टेप आली, मग फोन, आणि प्रत्येकजण आपल्या चालीने चालू लागला. माझ्या मते या प्रकारातलं सर्वांत मोलाचं काम 1987 मध्ये अमेरिकेतल्या अल्काट्राझ तुरुंगात झालं. तिथल्या निवेदनात अभ्यासकांऐवजी तुरुंगाचे जुने पहारेकरी आणि जुने कैदी स्वतः बोलतात. कोठडीसमोर उभं राहून त्या कोठडीत राहिलेल्या माणसाचा आवाज ऐकणं ही गोष्ट कोणत्याही फलकाला साधणार नाही. आपल्याला धडा घ्यायचा तो इथून.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. महाराष्ट्रातले गरम पाण्याचे झरे मुख्यतः सह्याद्रीच्या पश्चिमेला, वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून खाली राजापूरपर्यंतच्या पट्ट्यात आहेत. आपल्या बाजूला अमरावती जिल्ह्यातलं सालबर्डी आणि नांदेड जिल्ह्यातलं उनकेश्वर ही ठिकाणं ऊन पाण्यासाठी प्रसिद्ध आहेत. लोणार, वाशीम आणि कारंजा यांची तीर्थं गरम पाण्याची नाहीत. पण पाण्यात उतरून बरं व्हायला, पापातून सुटायला माणसं जिथे शतकानुशतकं येत राहिली आणि त्या येण्यातून गाव मोठं झालं, ती स्नानाची गावंच म्हणायची.

क्रम मात्र उलटा ठेवावा. लांबचं लोणार आधी आणि घराजवळचं कारंजा शेवटी. पहाटे कामरगाव सोडून कारंज्याला समृद्धी महामार्गावर चढायचं आणि मेहकरला उतरून लोणार गाठायचं. उन्हं चढण्याआधी विवरात उतरून वर येणं त्यामुळे जमतं. परतताना रिसोड, वाशीम, मंगरूळपीर असं जुन्या रस्त्याने यायचं. सगळ्या ध्वनिफिती घरूनच फोनमध्ये उतरवून घ्याव्यात, वाटेत नेटवर्कच्या भरवशावर राहू नये.

लोणारला बहुतेक गाड्या काठावर थांबतात, माणसं फोटो काढतात आणि निघतात. उल्का पडली, खड्डा झाला, पाणी खारं आहे, एवढंच हाती घेऊन. ही माहिती खोटी नाही. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं हे विवर बसाल्ट खडकात आहे. पूर्वी ते ज्वालामुखीचं मानत. 1896 मध्ये गिल्बर्ट या अमेरिकी भूवैज्ञानिकाने अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या विवराशी त्याचं साम्य दाखवलं, आणि 1973 मध्ये फ्रेड्रिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आघाताने बदललेल्या खनिजांचा पुरावा मांडल्यावर प्रश्न मिटला. वयाचा वाद मात्र चालू आहे. एका पद्धतीने ते सुमारे 52 हजार वर्षं येतं, दुसरीने सुमारे 5 लाख 70 हजार. निवेदनात दोन्ही आकडे सांगावेत. ऐकणाऱ्याला एकच आकडा देऊन गप्प करण्यापेक्षा शास्त्रज्ञांचं भांडण ऐकवलेलं बरं.

पण लोणारचं गाव उल्केमुळे वसलेलं नाही. ते पाण्यामुळे वसलं, तेही दोन पाण्यांमुळे. विवराच्या काठाशी गोमुखातून गोड्या पाण्याची धार बारमाही पडते, आणि तळाशी क्षारयुक्त पाणी आहे. अबुल फजलने अकबराच्या काळात ऐन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना या ठिकाणाची थांबून दखल घेतली आहे. ब्राह्मण या क्षेत्राला विष्णुगया म्हणतात, तीन गयांपैकी ही एक, असं तो सांगतो. डोंगरांनी वेढलेला मोठा तलाव, त्यात काच आणि साबण करण्याचं साहित्य, त्यातून मिळणारा महसूल, हे सगळं तो नोंदवतो. वर टेकडीवर एक झरा आहे, त्याच्या तोंडाशी बैलाची आकृती कोरली आहे, आणि सोमवारी अमावास्या आली की त्या झऱ्याचं पाणी खालच्या मोठ्या तलावात वाहतं, असंही तो लिहितो. सोमवती अमावास्येचं माहात्म्य मोगल दरबारातल्या फारसी ग्रंथात आलेलं पाहून मला फार आनंद झाला. लोणारची पहिली ध्वनिफीत धारेपाशी ऐकायची असावी आणि तिची सुरुवात या नोंदीने व्हावी. उल्का दुसऱ्या फितीत येऊ द्या.

धारेपाशीच एक कडू विषयही निघायला हवा. अंघोळीचा साबण आणि धुण्याची पावडर यांचं पाणी उतारावरून सरोवरात जातं आणि तिथल्या क्षारांचा तोल बिघडतो, ही अभ्यासकांची जुनी तक्रार आहे. सरोवराच्या रक्षणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. ज्या सरोवराच्या क्षारातून साबण बने, त्यालाच साबणाने धोका व्हावा, हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. बाथमध्येही हे वळण आलं. 1978 मध्ये रोमन स्नानगृहाच्या पाण्यात पोहलेल्या एका मुलीचा त्या पाण्यातल्या अमिबाच्या संसर्गाने मृत्यू झाला. तेव्हापासून त्या प्राचीन कुंडात उतरणं बंद आहे. लोक ते हिरवं पाणी काठावरून पाहतात. अंघोळीसाठी 2006 मध्ये वेगळं स्नानगृह उघडलं, तिथे शुद्ध केलेलं पाणी येतं. श्रद्धेचं स्नान आणि जुन्या पाण्याचं रक्षण यांची तिथे फारकत झाली. लोणारमध्येही ती करावी लागेल, असं मला वाटतं, आणि ती भाविकांशी बोलूनच करावी लागेल.

खाली उतरताना झाडी दाट होत जाते. हे अभयारण्य आहे, म्हणून एक कान मोकळा ठेवावा आणि फीत थांब्यावरच ऐकावी. उतारावर आणि काठाला पडकी देवळं भेटतात. तळाशी पाण्याजवळ कमळजादेवीचं देऊळ आहे, नवरात्रात तिथे यात्रा भरते. काठावर क्षार गोळा करण्याचा जुना धंदा होता, आणि क्षाराच्या प्रतीप्रमाणे डल्ला, पापडी, भुसकी अशी नावं होती. 2020 च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली तेव्हा खारटपणा वाढल्याने माजलेले क्षारप्रेमी सूक्ष्मजीव हे त्याचं कारण निघालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. वर आल्यावर गावातलं दैत्यसूदन मंदिर पाहायचं. लवणासुराला विष्णूने इथे मारलं ही कथा त्याच्या नावातच आहे, आणि बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं इतकी दाट आहेत की तिथे बोलणं कमी आणि थांबणं जास्त असावं.

वाशीमला मुक्काम थोडा. हे वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेच्या राजधानीचं वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट 1939 मध्ये इथेच उजेडात आला. त्यातली वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा मजकूर प्राकृतात. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते याच नगरात. आपण ज्या गावाला जिल्हा कचेरी, कोर्ट आणि बसस्टँड एवढ्यासाठी जातो, तिथे साहित्याचं लग्न लागलं होतं, हे कामरगावच्या शाळेतल्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं.

पद्मतीर्थाच्या काठावर वासुकी राजाची कथा ऐकवताना मात्र पुढचं वाक्य टाळता येणार नाही. पाण्याने कुष्ठरोग बरा होत नाही. तो औषधाने होतो. 1982 पासून जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली बहुविध औषधोपचार पद्धत त्यासाठी वापरतात. आणि औषधं नीट हाती नव्हती त्या काळात या रोग्यांना जवळ करणारी माणसं याच मुलखात होऊन गेली. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभारलं, बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन. राजाला तळं सापडलं आणि त्याने ते सगळ्यांसाठी मोठं केलं, ही वासुकीच्या कथेतली गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बरा झालेला माणूस इतरांसाठी काय करतो, हा तिचा विषय आहे. तपोवनाचं नाव याच काठावर घ्यावं.

संध्याकाळी कारंजा. गुरुचरित्रामुळे हे गाव नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रभर माहीत आहे आणि गुरुमंदिरात गर्दी कायम असते. दर्शन झालं की पाहुणा परततो. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस ही नावं वाहनाच्या खिडकीतून निघून जातात. इथे पायी चालायला हवं. काष्ठासंघाच्या जैन मंदिरातलं लाकडी कोरीवकाम पाहायला हवं. सेनगण आणि बलात्कारगण या जैन परंपरांच्या मंदिरांत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या पोथ्या होत्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी त्या पोथ्यांतून अपभ्रंश भाषेतले ग्रंथ संपादित केले आणि 1930 च्या दशकात ते कारंज्याच्या जैन ग्रंथमालांत छापले. त्यांत पुष्पदंताचं णायकुमारचरिउ आहे. मराठीच्या आधीची भाषा कशी होती हे ज्यांना समजून घ्यायचं आहे, त्यांना कारंज्याचं नाव टाळून पुढे जाता येत नाही. पोथ्या सांभाळणाऱ्या घरांतल्या एखाद्या आजोबांनी अपभ्रंशातली दोन कडवी वाचून फितीत द्यावीत. त्या भाषेचा नाद कानांनीच कळतो.

मग करंज ऋषींच्या कथेतला ऋषी तलाव. या ठिकाणचं निवेदन पुण्या-मुंबईच्या घोटीव आवाजात नको. ते असं यावं : "आता दोन मिनटं थांबा. ह्या अंगाले देवीचं देऊळ हाये, त्या अंगाले पाणी. बुढे लोक सांगतेत का ऋषीले मोठं दुखणं होतं, अन् देवीनं त्याच्यासाठी हे पाणी देल्लं." ज्या बोलीत ही कथा टिकली, तिच्यातच ती ऐकणाऱ्याच्या मनात बसते. प्रमाण मराठी वर्षं, राजवटी आणि खडक सांगायला ठेवावी. एका फितीत दोन्ही आवाज आलटून पालटून आले तर उत्तम.

हे करायला मोठा खर्च लागत नाही. फोनवरचं ध्वनिमुद्रण पुरतं. पंखा बंद करायचा, गोधड्या किंवा पडदे लावलेल्या खोलीत बसायचं, बोलणाऱ्याच्या हातात कागद द्यायचा नाही. प्रश्न विचारायचे आणि उत्तरातले आपले प्रश्न नंतर कापून टाकायचे. एका थांब्याला दोन-तीन मिनिटांहून लांब फीत नको. उभ्या माणसाचे पाय त्याहून जास्त धीर धरत नाहीत. प्रत्येक फितीच्या शेवटी पुढे कुठे वळायचं ते सांगावं, आणि ते खुणांनी सांगावं : वेस, पिंपळ, पायऱ्या. दुकानांच्या पाट्या बदलतात. पुजाऱ्याची श्रद्धा पुजाऱ्याच्या तोंडी असावी, निवेदकाने तिला दुजोरा देऊ नये आणि तिची टरही उडवू नये. फायली व्हॉट्सॲपवर फिरतीलच. शिवाय कामरगावच्या शाळा आणि ग्रामपंचायत यांनी त्या जपून ठेवाव्यात.

सुरुवात कारंज्यापासून करावी. ते सर्वांत जवळ आहे. मूर्तिजापूर-यवतमाळची छोटी गाडी, शकुंतला, कारंज्याच्या स्टेशनात थांबत असे, ते दिवस आठवणारी माणसं कामरगाव-कारंज्याकडे अजून आहेत, आणि त्यांची वयं झाली आहेत. त्यांना या हिवाळ्यातच बोलतं करायला हवं.