इंटरनेटचे ‘व्यसन’ : शब्द आणि पुरावा

दारू, तंबाखू, गांजा यांची व्यसने आपल्या परिचयाची आहेत. या पदार्थांतील रसायने रक्तावाटे मेंदूत पोचतात आणि तेथील कामकाज बदलतात. इंटरनेटमधून असे कोणतेही रसायन शरीरात जात नाही. मग ‘इंटरनेटचे व्यसन’ हा शब्दप्रयोग शास्त्रीय मानायचा की नुसता आलंकारिक?

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. महाविद्यालयात जाणारा एखादा मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर असतो, तासांना दांडी मारतो, घरात कोणाशी बोलत नाही. त्याला व्यसनी ठरवले की उपाय सोपा वाटतो : फोन काढून घ्या. पण तो मुळात नैराश्याने ग्रासलेला असेल तर? फोनबरोबर त्याचा उरलासुरला आधार जाईल आणि आजार तसाच राहील. उलट, ‘आजकालची मुले अशीच’ म्हणून दुर्लक्ष केले, तर मदतीची वेळ निघून जाईल. म्हणून या शब्दामागे पुरावा किती आहे, हे शिक्षकाने तपासून पाहायला हवे.

थट्टेतून निघालेला शब्द

१९९५ साली न्यूयॉर्कमधील मनोविकारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी ‘इंटरनेट व्यसन विकृती’ नावाच्या आजाराची लक्षणे लिहिली, ती चक्क थट्टा म्हणून! मनोविकारांच्या अमेरिकन सूचिपुस्तकाच्या भाषेचे ते विडंबन होते. परंतु पुढच्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी हा विषय गंभीरपणे मांडला. जुगाराच्या व्यसनाचे निकष घेऊन त्यांनी आठ प्रश्न तयार केले. पाच किंवा अधिक प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर आले, तर ती व्यक्ती इंटरनेटवर अवलंबून आहे, असे त्या मानत. अशा ३९६ व्यक्ती आठवड्याला सरासरी ३८.५ तास इंटरनेटवर घालवत. तुलनेसाठी घेतलेल्या १०० व्यक्तींची सरासरी होती ४.९ तास. मात्र या साऱ्या व्यक्ती स्वतःहून पुढे आलेल्या होत्या. त्यांच्यावरून सर्व समाजात हे प्रमाण किती, हे सांगता येत नाही.

यंग यांनी नंतर वीस प्रश्नांची मोठी चाचणीही तयार केली. जगभरच्या विद्यापीठांत ती विद्यार्थ्यांना देण्यात आली. गुण जास्त असलेल्या विद्यार्थ्यांत नैराश्य आणि चिंता अधिक, असा निष्कर्ष वारंवार निघाला.

येथे जरा थांबू या. आठ प्रश्नांपैकी एक असा आहे : अडचणींपासून किंवा निराशेसारख्या भावनांपासून सुटका म्हणून तुम्ही इंटरनेट वापरता का? म्हणजे निराशेचा प्रश्न मोजपट्टीतच बसलेला आहे. तापमापी आधी गरम पाण्यात बुडवून मग ताप पाहिला, तर पारा काही प्रमाणात चढलेला दिसणारच. दुसरी अडचण दिशेची. इंटरनेटमुळे नैराश्य येते, की निराश विद्यार्थी इंटरनेटकडे वळतो, की एकटेपणासारखे तिसरेच कारण दोहोंच्या मुळाशी असते? एकदाच भरून घेतलेली प्रश्नावली हे सांगू शकत नाही. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे.

त्याच लोकांचा पुन्हा शोध

दिशा कळायची तर तीच माणसे काही काळाने पुन्हा तपासावी लागतात. रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्गमध्ये नव्याने इंटरनेट मिळालेल्या ७३ कुटुंबांतील १६९ व्यक्तींचा असा अभ्यास केला. अधिक वापर करणाऱ्यांत घरातला संवाद कमी झाला, एकटेपणा आणि नैराश्य किंचित वाढले, असे त्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. याची खूप चर्चा झाली. पुढे त्याच लोकांची पुन्हा पाहणी केली, तेव्हा बहुतेक दुष्परिणाम विरून गेलेले दिसले आणि २००२ मध्ये त्यांनी तेही प्रसिद्ध केले.

आपोआप घडलेला प्रयोग

सर्वांत बोलका पुरावा विद्यापीठांतूनच मिळाला. फेब्रुवारी २००४ मध्ये हार्वर्डमध्ये फेसबुक सुरू झाले. ते सर्वांना एकदम खुले नव्हते. एकेका महाविद्यालयात टप्प्याटप्प्याने पोचत गेले. सप्टेंबर २००६ मध्ये ते सर्वांना खुले झाले. योगायोगाने अमेरिकन महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या आरोग्याची एक पाहणी २००० सालापासून नियमित होत होती. लुका ब्रागिएरी, रोई लेव्ही आणि अलेक्सी मकारिन या अर्थशास्त्रज्ञांनी ७७५ महाविद्यालयांत फेसबुक केव्हा पोचले त्या तारखा मिळवल्या आणि त्या पाहणीशी जुळवल्या. ज्या महाविद्यालयांत फेसबुक आले होते आणि ज्यांत अजून यायचे होते, त्यांची तुलना करता आली. जणू कोणी नियंत्रित प्रयोगच मांडला होता.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : फेसबुक आल्यावर विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य खालावले, विशेषतः नैराश्याच्या तक्रारी वाढल्या. नोकरी गमावल्याने मानसिक आरोग्यावर जो परिणाम होतो, त्याच्या सुमारे २२ टक्के एवढा हा परिणाम होता. कारण काय असावे? संशोधकांच्या मते, इतरांशी तुलना. वसतिगृहाबाहेर राहणाऱ्यांसारख्या, इतरांचे ‘मजेत चाललेले’ आयुष्य पाहून स्वतःला कमी लेखण्याची शक्यता अधिक असलेल्या विद्यार्थ्यांवर परिणाम जास्त दिसला.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हा आजच्यासारखे स्मार्टफोन नव्हते आणि बोट सरकवावे तसे संपता न संपणारे पानही नव्हते. म्हणजे ‘व्यसन’ लागण्याजोगी आजची साधने नसतानाही हानी झाली. केवळ तास मोजून म्हणूनच भागत नाही. त्या तासांत विद्यार्थी काय पाहतो आणि स्वतःविषयी कोणता ग्रह करून घेतो, हेही पाहावे लागते.

सुटत का नाही?

तरीही अनेकांना फोन खाली ठेवता येत नाही, हा अनुभव खरा आहे. वर्तनशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरील प्रयोगांत याचा एक धागा सापडतो. कळ दाबल्यावर ठरावीक वेळांनी दाणा मिळण्याऐवजी कधी मिळेल याचा नेम नसला, तर कबुतर कळ दाबतच राहते. दाणा बंद झाल्यावरही बराच वेळ सोडत नाही. जुगाराच्या यंत्रात हेच तत्त्व असते. फोन उघडल्यावर कधी मित्राचा निरोप असतो, कधी काहीच नसते. ही अनिश्चितताच पुन्हापुन्हा हात फोनकडे नेते.

वैद्यकशास्त्राने याबाबत सावध पाऊल टाकले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, ‘गेमिंग विकृती’ची नोंद आहे. तिच्या खुणा तीन : खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालू राहणे, तेही साधारणपणे बारा महिने. ‘इंटरनेटचे व्यसन’ अशी स्वतंत्र नोंद तेथे नाही. मात्र मदतीची गरज नाकारलेली नाही. बंगळूर येथील निम्हान्स संस्थेत अशा रुग्णांसाठी २०१४ पासून खास विभाग चालतो.

शिक्षकांनी काय करावे?

विद्यार्थ्याला ‘किती तास?’ एवढेच विचारू नका. झोप किती होते? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी सुटल्या का? फोन बंद केल्यावर कोणता विचार मनात येतो? उदासपणा, अलिप्तपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्याविषयी पालकांशी बोला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक वर्गात लावून ठेवावा. मुले स्वतःही तो फिरवू शकतात.

वरच्या वर्गांत एक उपक्रम करून पाहता येईल. रोजचा फोनवापर किती, याचा अंदाज प्रत्येकाने आधी लिहावा. मग फोनमधील नोंदीशी ताडून पाहावा. सात दिवस नेहमीप्रमाणे आणि पुढचे सात दिवस रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपेची वेळ व सकाळची मनःस्थिती एक ते पाच अंकांत नोंदवावी. कागदावर नाव नको. शेवटी आलेख काढून चर्चा करावी : फरक दिसला का? तो फोनमुळेच, की परीक्षा संपल्यामुळे? एवढ्या थोड्या नोंदींवरून काय सांगता येईल आणि काय नाही?

उपदेशाने जे साधत नाही, ते स्वतः घेतलेल्या नोंदींतून कधीकधी साधते. आणि त्या निमित्ताने एखादा अबोल विद्यार्थी ‘सर, मला झोपच येत नाही’ एवढे जरी बोलला, तरी त्याला वेळेवर मदत मिळण्याचा रस्ता उघडतो.