वाफसा

पहिलं रोप नवव्या दिवशी आडवं झालं. रात्री झोपायला जाताना उभं होतं. सकाळी बघतो तर मातीवर मान टाकलेली, पानं मात्र हिरवीगार. चिमटीत धरून उचललं तेव्हा दिसलं, की मातीला टेकतं तिथं खोड दोऱ्याएवढं बारीक, तपकिरी आणि पाणचट झालं होतं.

मी जर्मनीत वुर्झबर्गला राहतो. 1 एप्रिल 2024 पासून इथं प्रौढ माणसाला घरी, स्वतःपुरती, एका वेळी गांजाची तीन झाडं लावता येतात. ती मुलांच्या हाती लागता कामा नयेत आणि वाळवलेला माल घरात 50 ग्रॅमच्या वर नको. खरं सांगायचं तर मला ओढण्यापेक्षा लावण्याचीच हौस. मी रोपवाटिकावाल्याचा मुलगा, आणि इतक्या वर्षांत माझ्या खिडकीत कोथिंबीरसुद्धा धड आली नव्हती. स्पेनमधल्या एका दुकानातून टपालाने तीन बिया मागवल्या. तळघरातल्या खोलीत कपाटाएवढा कापडी तंबू उभा केला. आत एलईडी दिवा, छोटा पंखा आणि प्रत्येक बीला अकरा लिटरची कुंडी. झाड मोठं होणार, मग कुंडी मोठी नको का?

दुसऱ्या रोपाची पानं खाली वाकली, म्हणून पाणी दिलं. तरी वाकलेलीच, म्हणून आणखी दिलं. मग नवी पानं फिकट पडायला लागली, तेव्हा भूक लागली असेल म्हणून खत घातलं. दोन दिवसांत पानांची टोकं जळाल्यासारखी तांबूस झाली. तिसरं रोप या सगळ्यातून सुटलं होतं, पण ते नुसतं उंच आणि किडकिडीत वाढत होतं, पंख्याच्या वाऱ्याने झुलत.

शेवटी अण्णांना फोटो पाठवला. फक्त खोड आणि माती दिसेल असा कापून. खाली लिहिलं: मिरची. नारायणगावजवळ त्यांची रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, फ्लॉवर. संध्याकाळी फोन आला.

“मर आहे. बुरशी. गेलं ते गेलं, त्याला औषध नाही. पाणी किती घालतो?”

“रोज थोडं थोडं.”

“थोडं म्हंजे?”

“पेलाभर.”

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, “पुरता फोटो पाठव. आणि मिरची कशी असती ते मला सांगू नको.”

पाठवला. खाली दोन गुळगुळीत दलपत्रं, त्यावर करवतीच्या दात्यांसारख्या कडांची एकेरी पानांची जोडी आणि शेंड्याला तीन बोटांचं पान उलगडत असलेलं. त्या पानाला भारतात ओळखपत्र लागत नाही. “इथं असतास तर दहा वर्षं आत,” अण्णा म्हणाले. त्यांचा आकडा बरोबर होता. 1985 च्या कायद्यात गांजाच्या लागवडीला तेवढ्यापर्यंत सक्तमजुरी आहे. गंमत अशी की आमच्या शेजारच्याच नगर जिल्ह्यात एके काळी हे पीक उघड, सरकारदरबारी नोंद होऊन निघायचं. इंग्रजांच्या 1893-94 च्या चौकशी आयोगाच्या अहवालात त्याचा उल्लेख आहे. अण्णांना यातलं काही ऐकायचं नव्हतं. त्यांना कुंडी बघायची होती.

“एवढंसं रोप आणि एवढी मोठी कुंडी? याला वाफसा येणार कधी?”

हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण कधी वापरायची वेळ आली नव्हती. पाऊस पडून गेला, रानातलं पाणी खाली मुरलं, मातीच्या कणांमध्ये पुन्हा हवा शिरली, ढेकूळ मुठीत दाबलं तर धरतं आणि बोटाने टोकलं तर फुटतं, तो वाफसा. वाफशाआधी औत घालायचं नाही की पेरायचं नाही. मुळाला पाण्याइतकीच हवा लागते. माझ्या कुंडीत अकरा लिटर चिंब माती, आणि तीतलं पाणी ओढायला बोटभर मूळ. रानात निदान ऊन-वारा असतो. तळघरात, गार फरशीवर, ती कुंडी महिनाभरातही सुकली नसती. पानं वाकत होती ती तहानेनं नव्हे, मूळ गुदमरल्यामुळे. दोन्हींत फरक असतो. तहानलेलं पान चिंध्यांसारखं लोळतं, हाताला पातळ लागतं. पाणी जास्त झालेलं पान फुगीर, ताठ असतं आणि देठापासून कमान होऊन खाली वळतं. मी इतके दिवस ती कमान बघत होतो आणि झारी भरत होतो.

दोन्ही रोपं अलगद काढून अर्ध्या लिटरच्या, बुडाला भरपूर भोकं असलेल्या कुंड्यांत लावली. मातीही बदलली. मी आणलेली कुंडीची माती आधीच खत घातलेली होती, आणि वर मी खत ओतलं होतं. आता बियांसाठी मिळते ती हलकी माती घेतली आणि तिच्यात साधारण एक तृतीयांश परलाईट मिसळलं. किडकिडीत रोप दलपत्रांपर्यंत मातीत घेतलं आणि दिवा अर्ध्या हातावर खाली आणला. फरशीवर फळी टाकली. मातीत बोट घालून बघायचं नाही, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणायचा, हे मात्र माझं डोकं. पाणी देऊन निथळल्यावर कुंडी 380 ग्रॅम भरली. ती 210 च्या आसपास आली, की मगच पाणी. पहिल्यांदा त्याला पाच दिवस लागले. ते पाच दिवस माझे हात नुसते शिवशिवत होते.

दरम्यान चिलटं झाली. काळी, बारीक, मातीवरून तुरुतुरु पळणारी. ओल्या मातीच्या वरच्या थरात अंडी घालतात आणि अळ्या कोवळी मुळं कुरतडतात. पिवळे चिकट कागद लावले. अण्णांच्या शेडनेटमध्येही तेच लटकत असतात. पण कागदावर फक्त उडणारी सापडतात. खरा उतारा पडला तो वरची माती सुकायला लागल्यावर.

फिकटपणा काही जाईना. “पिवळं वरून पडतंय का खालून?” अण्णांचा पहिला प्रश्न. खालची, जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी; झाड ते जुन्या पानातून काढून शेंड्याला देतं. शेंडा पिवळा आणि शिरा हिरव्या, तर लोह. ते एकदा पानात बसलं की हलत नाही. माझा शेंडा पिवळा, शिरा हिरव्या. चुनखडीच्या रानात ऊस असाच पांढरटपिवळा पडतो, त्याला आमच्याकडे केवडा म्हणतात. वुर्झबर्ग तर चुनखडकावरच वसलंय. आसपासच्या टेकड्यांवर द्राक्षांचे मळे आणि नळाला असं पाणी, की किटलीत आठवड्याला पांढरी पुटं चढतात. सामूची पट्टी बुडवली तर साडेसातच्या पुढे गेली. कुंडीतल्या मातीत या झाडाला सहा ते पावणेसात लागतो. त्यापुढे मातीत लोह असूनही मुळाला घेता येत नाही, आणि मूळ गार, ओलं असेल तर आणखीच नाही.

मी लगेच लोहाची बाटली शोधायला बसलो. अण्णा म्हणाले, “एका वेळी एकच गोष्ट बदल. सगळं एकदम केलंस तर बरं झालं तरी कशानं झालं ते कळणार नाही.” म्हणून फक्त पाणी बदललं. छपराच्या पन्हळीखाली बादली ठेवली. आधीची पिवळी पानं पिवळीच राहिली, पण बारा दिवसांनी आलेलं पाच बोटांचं पान देठापासून हिरवं होतं. अण्णांनी फोटो मोठा करून बघितला आणि एवढंच म्हणाले, “हं.”

मग विचारलं, “यात नर-मादी असतं म्हणतात ते खरं?”

“हो. झाडं वेगळी असतात.”

“म्हंजे पपईसारखं. फुलल्याशिवाय कळायचं नाही.” मग आवाज खाली घेऊन म्हणाले, “थांब, आई आली.”

आईने फोन घेतला. तिला अजून मिरचीच सांगितलेली आहे. “फुलं धरायला लागली की आंबट ताकात हिंग कालवून शिंपड,” ती म्हणाली, “गळत नाहीत.”